एकाच भूजलावर आठ बोरिंग

प्रश्न : इंदूरच्या आमच्या गल्लीत आठ घरांची बोरिंग आहेत. शेजाऱ्यांनी यंदा आपले बोरिंग आणखी खोल नेले आणि एप्रिलमध्येच आमच्या नळाला पाण्याऐवजी हवा येऊ लागली. आम्हीही खोल जावे का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : कृपया घाई करू नका. माळव्याच्या काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांत साठते, त्यामुळे तुमचे व शेजाऱ्यांचे पाणी बहुधा एकच असते; तुम्ही खोल गेलात की तिसरा जाईल, आणि खर्च प्रत्येकाचा वाढूनही पाणी तेवढेच राहील. शेजाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांनाही टाकी रिकामी राहण्याचीच भीती होती.

अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते अशाच सामाईक साधनांवरील कामासाठी. वापरणाऱ्यांनीच नियम ठरवले, देखरेख स्वतः केली आणि नियम मोडणाऱ्याला आधी सौम्य, मग कडक दंड ठेवला, तर सामाईक साधन टिकू शकते, असे त्यांना आढळले. आपल्याकडे महाराष्ट्रातील हिवरे बाजार या गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून शेतीसाठीच्या बोअरवेलवर बंदी घातली.

नर्मदेचे पाणी दूरच्या जलूदहून उपसून आणणाऱ्या शहराला पायाखालचे पाणी परके वाटू नये, असे मला मनापासून वाटते. आठही घरांना एकत्र बसवा, पंप चालवण्याच्या वेळा ठरवा, गच्चीवरचे पावसाचे पाणी गाळून जमिनीत मुरवा आणि दर रविवारी दोरीला वजन बांधून एखाद्या बंद बोरिंगमधील पातळी सर्वांसमक्ष वहीत नोंदवा.