आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं बाणाच्या खुणेचं घड्याळ खरंच लष्करी आहे का? ते दुरुस्त करून वापरावं का?

मागच्या झाकणावर बाण असेल तर ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण. आता अक्षरं बघा. ए.टी.पी. असेल तर युद्धकाळात सैन्याला दिलेलं साधं घड्याळ, बहुतेक पांढरट तबकडीचं. तीन डब्ल्यू असतील तर काळी तबकडी, खाली सेकंदाचा छोटा काटा. ही ओमेगा, लाँजिन, सीमा अशा 12 स्विस कंपन्यांनी बनवली, पण हाती आली 1945 मध्ये, युद्ध संपत आल्यावर. म्हणून ‘आजोबांनी 1944 ला इटलीत हेच बांधलं होतं’ ही घरची गोष्ट तीन डब्ल्यूवाल्याला लागू पडत नाही. आजोबा मात्र खरेच गेले असतील. मराठा पलटणी तिथं लढल्या, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस तिथलाच. आपल्या बेळगावात, खानापूर-निपाणीकडे अशा ट्रंका घरोघरी निघतात.

माझ्याकडचं एक मी हौसेनं पॉलिशला दिलं. कारागिरानं झाकण आरशासारखं केलं आणि बाण अर्धा पुसला. अजून जिवाला लागतं ते. तुम्ही फक्त आतली सफाई आणि तेल करून घ्या. तबकडी रंगवू देऊ नका, किंमत तिथंच पडते.

आणि हो, काट्यांवरचा तो पिवळसर-तपकिरी थर म्हणजे रेडियम. चमकायचं थांबलं तरी किरणोत्सर्ग जात नाही. काच उघडून खरवडू नका, पोरांच्या हाती देऊ नका.