पैसा आला की जात जाते का?

प्रश्न: ताई, आता आमच्याकडे गाडी, फ्लॅट सगळं आहे, तरी सोसायटीत आधी आडनावच विचारतात. मग जात सुटते कधी?

उत्तर: दादा, पैशाने नाही सुटत. वर्ग पगाराने बदलतो, पण जात जन्माने चिकटते आणि लग्नाने टिकते, बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात हेच मांडलं की जातीतच लग्न करणं हा जातीचा गाभा आहे. पुढे ते जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हणाले, म्हणजे जवळपास प्रत्येकाला आपल्याहून खालचं कुणीतरी सापडतंच, म्हणून वरच्यांविरुद्ध सगळे एक होत नाहीत, मला हे फार पटतं. कामवाल्या मावशींचा कप तुमच्याकडेही ओट्याखाली वेगळा असेल तर आजच आपल्या कपांत ठेवा.