अंधाऱ्या ढगाची ऊब

प्रश्न : डिसेंबरात बागेतूनच छोट्या दुर्बिणीने मृग नक्षत्रातला तेजोमेघ पाहिला. करडा पुंजका दिसला. मासिकात छापलेला अशा ढगाचा दूर-अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांचा) नकाशा मात्र लाल-पिवळा होता. ते रंग खरे की नुसती सजावट?
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : दादा, रंग माणसांनी भरलेले आहेत, त्यामागचं मोजमाप मात्र अगदी खरं आहे. निफाडला पारा घसरला की तुम्ही बागेत शेकोट्या करता. पहाटे त्यातल्या एखाद्या विझल्यासारख्या राखेवर हात धरून बघा. डोळ्यांना काही दिसत नाही, पण तळहाताला आतला निखारा कळतो. दूर-अवरक्त दुर्बीण तेच काम करते. तारे जन्मतात त्या ढगांतली धूळ ताऱ्यांचा उजेड शोषते आणि तीच ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकते. या धुळीचं तापमान असतं उणे २५० अंश सेल्सिअसच्या आसपास! एवढ्या गार धुळीच्या किरणांची तरंगलांबी शंभर-दीडशे मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, आणि ते किरण आपल्या हवेतली वाफ वाटेतच अडवते. त्यामुळे नाशिकच्या गच्चीवरून किंवा अंजनेरीच्या माथ्यावरूनही ते मिळायचे नाहीत.

म्हणून टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १०० सेंटिमीटर आरशाची दुर्बीण हैदराबादहून हायड्रोजनच्या फुग्याने तीसेक किलोमीटर वर नेली. फुग्याचं पॉलिथिन तुमच्या बागेवरच्या प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी पातळ. मला स्वतःला या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती दुय्यम आरशाची. दुर्बीण स्वतःच आकाशातल्या ढगापेक्षा गरम, म्हणजे तिचीच झळ मोजमापात येणार. मग तो छोटा आरसा सतत हलवत ठेवतात. एकदा ढग, एकदा शेजारचं मोकळं आकाश. दोन्हींतली वजाबाकी केली की उरते ती ढगाची ऊब. मोजणारा संवेदक द्रवरूप हेलियमने गार ठेवलेला असतो. जपानी शास्त्रज्ञांचं उपकरण याच दुर्बिणीला जोडून कार्बनच्या १५८ मायक्रॉनच्या रेषेचेही, म्हणजे कार्बन नेमक्या त्या तरंगलांबीवर जे किरण सोडतो त्यांचेही, नकाशे काढले गेले. या रेषेवाटे वायू आपली उष्णता गमावतो, आणि वायू निवल्याशिवाय तो आकसून तारा होणं कठीण.

पुढे २००९ ते २०१३ या काळात साडेतीन मीटर आरशाच्या हर्शेल अवकाश दुर्बिणीने हे ढग बारकाईने पाहिले, तेव्हा त्यांत लांबच लांब धागे दिसले. तारे जन्मतात ते बरेचसे या धाग्यांतच.

पुन्हा दुर्बीण लावाल तेव्हा त्या करड्या पुंजक्यात एका बाजूने शिरलेली काळी खाच शोधा. ती धुळीचीच आहे.