जळालेला बोर्ड बदलूनही हार्ड डिस्क टकटक करते आणि संगणकात दिसत नाही; डेटा परत मिळेल का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे: ३.५ इंची एक्स्टर्नल हार्ड डिस्कला तिच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरऐवजी चुकून लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावला गेला आणि ती तत्क्षणी निपचित झाली. तुम्ही त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड काढून हिला बसवलात. आता मोटर फिरते, पण काही वेळा टकटक होऊन थांबते आणि संगणकाला डिस्क सापडत नाही. डेटा बहुधा शाबूत आहे, असे मी म्हणेन. मात्र आता ती डिस्क 'पुन्हा एकदा लावून बघू' म्हणून चालू करू नका, आणि जुना बोर्ड अजून टाकून दिलेला नसेल तर तो आधी जपून ठेवा, कारण पुढचे सगळे त्याच्यावरच अवलंबून आहे.

एकाच मॉडेलच्या दोन डिस्कही आतून तंतोतंत सारख्या नसतात. प्रत्येक डिस्कच्या हेडची (फिरत्या तबकडीवरचा डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाची) संवेदनशीलता, कोणते हेड वापरात आहे आणि कोणते नाही, सिग्नल किती वाढवून घ्यायचा, अशी मापे कारखान्यात त्या विशिष्ट डिस्कसाठी ठरवली जातात. त्यांतली काही तबकडीवरच्या राखीव भागात असतात आणि काही बोर्डावरच्या रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी नोंद टिकवणाऱ्या छोट्या चिपमध्ये. गोम अशी की तबकडीवरचा तो राखीव भाग वाचण्यासाठीच रॉममधली मापे आधी लागतात. परक्या डिस्कची मापे घेऊन तुमच्या डिस्कचे हेड आपली जागा शोधू लागले की त्यांना काही सापडत नाही, ते परत फिरतात, पुन्हा शोधतात, आणि तुम्हाला ऐकू येते ती हीच टकटक असण्याची शक्यता मोठी आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या अनेक डिस्कमध्ये नुसता बोर्ड बदलला तरी काम होत असे. तो सल्ला अजून फिरत राहिला आहे आणि त्याच्या भरवशावर लोक बोर्ड विकत घेतात.

मीही घेतला होता. माझी डिस्क अशाच चुकीच्या अडॅप्टरने बंद पडली तेव्हा मी महिनाभर वाट पाहून जुळणारा बोर्ड मिळवला आणि तो बसवण्याच्या आदल्या रात्री, केवळ कुतूहल म्हणून, जुना बोर्ड उलटा करून मल्टीमीटर लावून पाहिला. बोर्ड मुळात जळालाच नव्हता. वीज आत येते त्या जागेजवळ ३.५ इंची डिस्कच्या बोर्डावर बहुधा दोन संरक्षक डायोड असतात, एक १२ व्होल्टच्या मार्गावर आणि एक ५ व्होल्टच्या. त्यांना टीव्हीएस डायोड म्हणतात. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की ते स्वतः शॉर्ट होतात आणि मागच्या चिप वाचवतात. एकदा शॉर्ट झाले की सगळी वीज त्यांच्यातूनच सर्किटच्या ग्राउंडकडे जाते, त्यामुळे डिस्क फिरत नाही आणि कित्येकदा पॉवर सप्लायही चालू होण्यास नकार देतो. माझ्या बोर्डावरचा १२ व्होल्टचा डायोड तसा गेला होता. तो उपटून काढल्यावर डिस्क मूळ बोर्डावर सुरू झाली आणि महिनाभर वाट पाहून आणलेला बोर्ड खोक्यातच राहिला.

म्हणून तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. जुना बोर्ड डिस्कपासून सुटा असताना मीटर ओहमवर ठेवून दोन्ही डायोडच्या टोकांवर माप घ्या आणि मग काड्यांची अदलाबदल करून पुन्हा घ्या. दोन्ही दिशांनी शून्याच्या आसपास आकडा आला, तर तो डायोड शॉर्ट आहे. तो सोल्डरिंगने काढा आणि मोकळ्या झालेल्या दोन टिकल्यांवर परत माप घ्या, ही पायरी गाळू नका: आताही शून्यच येत असेल तर त्या मार्गावरचे दुसरे काहीतरी, बहुतेक वेळा मोटर चालवणारी चिप, जळाले आहे आणि त्या बोर्डाला वीज देण्यात अर्थ नाही. त्या चिपवर फोड किंवा खड्डा दिसतो का, तेही भिंगातून पाहा. शॉर्ट निघून गेला असेल तर जुना बोर्ड बसवा आणि डिस्क एक्स्टर्नल डबीत न घालता संगणकाच्या साटा केबलला आणि खात्रीच्या पॉवर सप्लायला थेट जोडा. डायोडशिवाय डिस्क चालते, फक्त तिला आता कवच उरलेले नसते. एकदा डेटा उतरवून घेण्यापुरते ते पुरे आहे. डबीतला छोटा बोर्ड मात्र फेकू नका. काही डब्यांमध्ये पासवर्ड ठेवलेला नसतानाही डेटा त्या बोर्डामार्फत कूटबद्ध होऊन लिहिला जातो, आणि मग डिस्क थेट जोडल्यावर ती कोरी असल्यासारखी दिसते.

जुना बोर्ड खरोखरच गेलेला असेल, तर त्यावरची रॉम नव्या बोर्डावर न्यावी लागेल. ही साधारणपणे आठ पायांची, करंगळीच्या नखाहूनही लहान काळी चिप असते आणि तिच्यावरचा क्रमांक बऱ्याचदा २५ या आकड्यांनी सुरू होतो. एका कोपऱ्यात बारीक ठिपका असतो. तो पहिल्या पायाची खूण आहे, आणि चिप काढण्याआधी त्या जागेचा फोटो काढला नाही तर नंतर ती कोणत्या बाजूने बसवायची यावर विचार करत बसावे लागते. शक्य असल्यास काढलेली चिप आधी योग्य व्होल्टेजच्या, बहुतेक वेळा ३.३ व्होल्टच्या, प्रोग्रामरवर (चिप वाचण्या-लिहिण्याच्या उपकरणावर) दोनदा वाचून दोन्ही फायली एकसारख्या येतात का ते पाहा आणि प्रत ठेवा. मगच ती नव्या बोर्डावर चढवा. हॉट एअरचा, म्हणजे गरम हवेने चिप काढण्या-बसवण्याचा, सराव नसेल तर मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडून हे करून घ्या, त्याच्या हाताला असली कामे रोजची असतात. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच बोर्डांवर रॉमची जागा यू१२ अशी छापलेली असते. ती रिकामी दिसली तर रॉम बोर्डावरच्या मुख्य कंट्रोलर चिपच्या पोटात आहे असे समजावे, आणि तिथे मी स्वतः हात घालणार नाही, ते डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचे काम आहे. नवा बोर्ड जुळतो की नाही हे डिस्कच्या लेबलावरून नव्हे, तर बोर्डावरच छापलेल्या क्रमांकावरून ठरवायचे असते, तेही एकदा ताडून पाहा.

स्वतःची रॉम मिळूनही टकटक थांबली नाही, तर जादा व्होल्टेज आत हेडजवळच्या प्रीअँपपर्यंत (हेडचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या चिपपर्यंत) पोचले असावे. तिथे बोर्ड कितीही बदलले तरी उपयोग नाही. झाकण उघडून पाहण्याचा मोह तर मुळीच नको: हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असते आणि धुळीचा कण त्या मानाने डोंगराएवढा असतो.

डिस्क दिसू लागली की लगेच फोल्डर उघडून फोटो बघत बसू नका आणि 'फॉरमॅट करायचे का' किंवा 'दुरुस्त करायचे का' असे विचारले गेले तर नकार द्या. डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या मोठ्या डिस्कवर उतरवा आणि त्याची मॅप फाइल (कोणता भाग वाचून झाला त्याची नोंद) जपा, म्हणजे मध्येच थांबावे लागले तरी काम सोडले तिथून पुढे सुरू करता येते. फायली नंतर त्या प्रतिमेतून काढा.

जुन्या बोर्डावर छापलेला क्रमांक, दोन्ही डायोडची मापे आणि आठ पायांची चिप तिथे आहे की नाही, एवढे कळवलेत तर यांतला कोणता मार्ग तुम्हाला लागू पडतो ते मी सांगू शकेन.