दहावीनंतर बुक बाइंडिंग आणि प्रिंट फिनिशिंग (छपाईनंतरची कामं) शिकायचं असेल तर कोर्स करावा की थेट प्रेसमध्ये लागावं?

भाऊ दहावी झालाय, हातकामाची आवड आहे, कोर्सला पैसे घालावेत की नाही हे कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत ॲप्रेंटिसशिपच्या, म्हणजे प्रेसमध्ये काम करत शिकण्याच्या बाजूने. ‘बुक बाइंडर’ हा ॲप्रेंटिस कायद्याखाली मान्य ट्रेड आहे. नोंदणी ॲप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर होते, दरमहा विद्यावेतन मिळतं आणि शेवटी परीक्षा होऊन प्रमाणपत्र हातात येतं. चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. सुपरवायझर किंवा प्रॉडक्शनकडे जायचं असेल तर मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारातली शासकीय मुद्रण तंत्र संस्था आहे, तिथे ३ वर्षांची पदविका होते. पदवी हवी असेल तर पुणे विद्यार्थी गृहाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रिंटिंग इंजिनिअरिंग आहे. मात्र पदविकेत बाइंडिंग हा बऱ्याच विषयांतला एक. तेवढ्याने हात बसत नाही.

कुठेही लागण्याआधी एकच विचारा: पोराला मशीनला हात लावू देणार का? नाहीतर वर्षभर गठ्ठे बांधणं आणि फर्मे (घडी घातलेले छापील कागद) उचलणं एवढंच वाट्याला येतं.

आता शिकायचं काय. सगळ्यात आधी कागदाचा ग्रेन. कागदातले तंतू एका दिशेने बसलेले असतात आणि ओल लागली की ते लांबीपेक्षा रुंदीला जास्त फुगतात. म्हणून पुस्तकात ग्रेन कण्याला, म्हणजे पुस्तकाच्या पाठीला, समांतरच हवा. आडवा गेला तर पानं ताठ उभी राहतात आणि खळ लागल्यावर कण्याजवळ लाटा येतात. ओळखायचं कसं? कागदाचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करा. तो वळून नळी होईल. नळी ज्या दिशेला लांब, तो ग्रेन. पुठ्ठ्यालाही हाच नियम. जाड कव्हर ग्रेनच्या आडवं मोडायची वेळ आली तर घडीवर शाई तडकते, तिथे आधी क्रीजिंग, म्हणजे घडीच्या रेषेवर दाबून खाच पाडणं, लागतं. क्रीजचा उंचवटा घडीच्या आतल्या बाजूला राहिला पाहिजे. नवशिके हमखास उलटं करतात, कारण खाच आत जाईल असं वाटतं.

मग हाताची बांधणी. ती पोटापाण्यासाठी कमी आणि चुका कळण्यासाठी जास्त. १६ पानी फर्मा म्हणजे ८ पत्रे (दोन पानं पाठपोट असलेला एक कागद म्हणजे एक पत्रा). १६० पानांचं पुस्तक म्हणजे १० फर्मे. प्रत्येक घडीत दोरा जातो, त्यामुळे कणा पोटापेक्षा, म्हणजे उघडणाऱ्या बाजूपेक्षा, जाड होतो. शिवून झालं की ठोकून, दाबून तो उतरवावा लागतो, नाहीतर पुस्तक पाचरीसारखं दिसतं. डेमी आकाराचा हार्डबाउंड घ्या: आतला ठोकळा (शिवलेल्या पानांचा गठ्ठा) साधारण १४० बाय २१६ मिमी. पुठ्ठ्याची उंची २२२, म्हणजे वर-खाली ३-३ मिमी बाहेर. पुठ्ठा आणि कण्याची पट्टी यांच्यात ७-८ मिमी खाच, कापड चारी बाजूंनी १५ मिमी आत मुडपायचं. सपाट कण्यासाठी पट्टीची रुंदी म्हणजे ठोकळ्याची जाडी अधिक दोन्ही पुठ्ठ्यांची जाडी. खाच कमी पडली तर कव्हर उघडताना अस्तराचा कागद (कव्हरच्या आतून चिकटवलेला) फाटतो. खळ पातळ लागली की अस्तर आधी फुगतं, वाळताना आकसतं आणि पुठ्ठ्याला आत ओढतं. म्हणून पुस्तक रात्रभर दाबाखाली ठेवायचं. घरी शिजवलेल्या खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, स्वयंपाकाच्या भांड्यात खळ शिजवू नका.

रोजगार मात्र परफेक्ट बाइंडिंगवर, म्हणजे न शिवता कण्याला गोंदाने कव्हर चिकटवण्यावर आहे, आणि ‘पानं सुटतात’ ही इथली नेहमीची तक्रार. त्यात फक्त गोंदाला दोष देऊ नये. मशीन कण्याकडून २-३ मिमी कागद खरवडते. ते कमी झालं तर फर्म्याच्या आतल्या घड्या कापल्याच जात नाहीत, मधल्या पत्र्यांपर्यंत गोंद पोचत नाही आणि नेमके तेच निघून येतात. साधा हॉट मेल्ट (तापवून वितळवायचा गोंद) १६० ते १८० अंशांवर चालतो. थंड असेल तर कागदात शिरायच्या आधीच गोठतो; तासन्‌तास तापत राहिला तर तपकिरी पडून ठिसूळ होतो. आर्ट पेपरवर (लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावर) त्याची पकड कच्चीच, तिथे पीयूआर (पॉलियुरेथेन) गोंद किंवा शिवण. पीयूआर पूर्ण पकडायला साधारण एक दिवस घेतो, त्याच संध्याकाळी पान ओढून बघू नये.

कटिंग मशीन सगळ्यात शेवटी, आणि तेही उस्तादाच्या देखरेखीखाली. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय पातं खाली येत नाही, अशी त्याची रचना असते. काम भराभर उरकायला एखादं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं दिसलं तर त्या कारखान्यातून भावाला बाहेर काढा. क्लॅम्पचा (थप्पी दाबून धरणाऱ्या पट्टीचा) दाब कमी किंवा पातं बोथट असेल तर थप्पीतले वरचे आणि खालचे कागद एका मापाचे येत नाहीत. तपासायला थप्पीचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा कागद एकमेकांवर ठेवून बघतात. लॅमिनेशनमध्ये बहुतेक वेळा घाई नडते. शाई वाळायच्या आत फिल्म चढवली की गडद रंगावर चंदेरी ठिपके दिसतात.

पुस्तकांचं काम हंगामी आहे. जूनआधी वह्या-पाठ्यपुस्तकं, पावसाळ्याच्या शेवटी दिवाळी अंक, मग डायऱ्या. गर्दीच्या दिवसांत शिकवायला कुणाला फुरसत नसते. खोक्यांचं काम, म्हणजे डाय पंचिंग (साच्याने खोक्याचा आकार कापणं) आणि फोल्डर ग्लुअर (खोकी दुमडून चिकटवणारी मशीन), वर्षभर चालू राहतं. म्हणून ॲप्रेंटिस असतानाच त्या विभागात दोन-तीन महिने बदली मागून घ्यायला भावाला सांगा.