लिथ प्रिंटिंगसाठी कोडॅक डी-८५ बनवताना पॅराफॉर्माल्डिहाइड वगळलं तर चालेल का?

वगळा, जरूर वगळा. (लिथ म्हणजे जास्त एक्सपोजर दिलेला ब्लॅक अँड व्हाइट फोटोचा कागद पातळ डेव्हलपरमध्ये सावकाश डेव्हलप करण्याची डार्करूमची पद्धत. डेव्हलपर म्हणजे चित्र उमटवणारं द्रावण, आणि डी-८५ हा अशा डेव्हलपरचा कोडॅकचा फॉर्म्युला.) पण बाकीचं सगळं जसंच्या तसं ठेवलंत तर जे तयार होईल ते लिथ डेव्हलपर नसेल. घरात लहान मुलं आहेत म्हणून ती पावडर नको, असं तुम्ही लिहिलंय. बरोबरच आहे. तिची वाफ डोळ्यांना झोंबते, ती कॅन्सरकारकही आहे. माझ्याकडेही ती नाही. मात्र डी-८५ मध्ये ती दोन कामं करते, आणि ती दोन्ही दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यावी लागतात.

एका लिटरचं माप बघा: सोडियम सल्फाइट ३० ग्रॅम, पॅराफॉर्माल्डिहाइड ७.५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन २२.५ ग्रॅम, शिवाय बोरिक ॲसिड, जरासं मेटाबायसल्फाइट आणि ब्रोमाइड. यात अल्कली कुठे आहे? वेगळी घातलेलीच नाही. रेणूंच्या हिशोबाने सल्फाइट आणि फॉर्माल्डिहाइड जवळपास एकास एक आहेत. ते एकमेकांना बांधून घेतात, त्यात हायड्रॉक्साइड सुटतं, तीच अल्कली, हे पहिलं काम. दुसरं काम म्हणजे मोकळं सल्फाइट अगदी थोडं उरतं.

हे थोडं उरणं हाच लिथचा प्राण. हायड्रोक्विनोन चांदी मोकळी करताना स्वतः ऑक्सिडाइज होतं, आणि त्यातून निघालेले पदार्थ आसपासचं डेव्हलपमेंट आणखी भडकवतात. १९४५ साली जे. ए. सी. यूल यांनी याला संसर्गी डेव्हलपमेंट म्हटलं. भरपूर सल्फाइट असेल तर ते या पदार्थांना लगेच निकामी करतं आणि संसर्ग लागतच नाही.

म्हणून मी दोन बाटल्या करतो. 'अ' बाटलीत एका लिटरला सोडियम मेटाबायसल्फाइट १० ग्रॅम, मग हायड्रोक्विनोन २० ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइड ५ ग्रॅम, याच क्रमाने, कोमट डिस्टिल्ड पाण्यात. 'ब' मध्ये, अल्कली म्हणून, एका लिटरला निर्जल सोडियम कार्बोनेट १५० ग्रॅम. वापरताना दोन्ही १०० मिली आणि पाणी ८०० मिली. अल्कलीत गेलं की १ ग्रॅम मेटाबायसल्फाइटचं साधारण १.३ ग्रॅम सल्फाइट होतं, तेवढंच ट्रेमध्ये असतं. हे सुरुवातीचं माप समजा, कागदानुसार ते हलणारच.

काय हलवायचं? प्रिंटवर मिरपूड पडल्यासारखे काळे ठिपके आले तर सल्फाइटचं १० टक्के द्रावण ५-५ मिली वाढवत जा. ठिपके कमी होतील, पण फार घातलंत तर प्रिंट साध्या डेव्हलपरसारखी होईल. ब्रोमाइड वाढवलं की सुरुवात उशिरा होते, फॉग (पांढऱ्या भागावर चढणारी नको असलेली करडी छटा) दबतो, रंग उबदार होतो. तापमानाकडे हायड्रोक्विनोन फार संवेदनशील असतं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये ट्रे आपोआप तिशीत जातो, लिथला ते सोयीचंच. डिसेंबरात मी ट्रे गरम पाण्याच्या परातीत ठेवतो.

एक्सपोजर नेहमीपेक्षा २-३ स्टॉप जास्त द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). हायलाइट्स, म्हणजे उजळ भाग, एक्सपोजरने ठरतात, काळा भाग तुम्ही प्रिंट कधी उचलता त्यावर. बराच वेळ काहीच होत नाही, मग काळं एकदम धावत सुटतं. त्या वेळी घड्याळ बघू नका, सावल्यांकडे बघा आणि काळं हवं तेवढं झालं की लगेच स्टॉप बाथमध्ये, म्हणजे डेव्हलपमेंट थांबवणाऱ्या ॲसिडच्या द्रावणात, टाका. स्टॉप बाथ सौम्य ठेवा. कार्बोनेट जोरकस ॲसिडमध्ये गेलं की बुडबुडे येतात. सेफलाइट (डार्करूमचा दिवा) लाल हवा, कारण कागद ट्रेमध्ये खूप वेळ उघडा असतो.

वापरलेलं द्रावण सगळं ओतून देऊ नका. तपकिरी झालेलं थोडं बाजूला ठेवून पुढच्या ताज्या द्रावणात मिसळलं की रंग पहिल्या प्रिंटपासूनच चांगले येतात. पण हे मिश्रण दोन बाटल्यांसारखं टिकत नाही, ट्रेमध्येही ते काही तासांत दमतं.

आणि रसायनं आणण्याआधी कागद तपासा. ज्या कागदाच्या इमल्शनमध्येच (प्रकाशाला संवेदनशील थरातच) डेव्हलपर असतो, त्याच्यावर लिथ होत नाही. एक तुकडा दिव्याच्या उजेडात धरा, त्यावर 'ब' चा एक थेंब टाका. कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा, तेवढ्यासाठी किराणा दुकानातला चालेल. थेंबाखाली कागद काळा पडला तर तो कागद लिथच्या कामाचा नाही.