लॅपटॉप खूप तापून मध्येच बंद पडतो, काय करू?

बंद पडून तो स्वतःला वाचवतोय. बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आधी वेग कमी करतात. तरी उष्णता वाढली तर मशीन बंद होतं.

आधी गादीवरून उचलून टेबलावर ठेवा, खालच्या जाळ्या कापडाने बुजतात. दोन-तीन वर्षं वापरलेला असेल तर माझा पहिला संशय धुळीवर. पंख्यापुढच्या धातूच्या पात्यांत तिचा अक्षरशः थर बसतो. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून हवेचा फवारा मारा, पण पंखा काडीने अडवून धरा. नाहीतर भरधाव फिरून तो खराब होऊ शकतो. फरक नाही पडला तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरवरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्या.

आणि बॅटरी फुगून टचपॅड वर आलेला दिसला, तर कृपया वापर तिथेच थांबवा, चार्जिंगलाही लावू नका.